हॉजकिनसारखा दिसणारा, पण हॉजकिन नसलेला: लिम्फोमाच्या एका निदानाचं प्रकरण

या लेखातला रुग्ण शिकवण्यासाठी रचलेला आहे, कुणा एका माणसाची ही हकिगत नाही. त्याची लक्षणं, तपासण्यांचे आकडे आणि स्लाइडवरचं चित्र मात्र अशा रुग्णांमध्ये जसं आढळतं तसंच ठेवलं आहे. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग, हॉजकिन हा त्याचाच एक प्रकार. लिम्फोमांमध्ये एकमेकांसारखे दिसणारे आजार पुष्कळ आहेत. छोट्या बी पेशींचे (ज्यांच्यापासून प्रतिपिंडं बनतात त्या लिम्फोसाइटचे) चार-पाच लिम्फोमा नुसत्या नजरेला जवळजवळ सारखेच वाटतात आणि मार्करचं (पेशीची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांचं) पॅनेल लावलं की बहुतेक वेळा वेगळे होतात. तिथे रोगी पेशी कोणती याबद्दल शंका नसते, तिचं नाव काय एवढाच प्रश्न असतो. या प्रकरणात प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे: समोर दिसणाऱ्या गर्दीतली रोगी पेशी कोणती?

रुग्ण आणि पहिला रिपोर्ट

६४ वर्षांचे एक गृहस्थ. अडीच महिन्यांपासून संध्याकाळी ताप चढायचा, रात्री कपडे भिजतील इतका घाम यायचा, वजन सात किलोंनी उतरलेलं. सुरुवातीला प्रतिजैविकांचा एक कोर्स झाला आणि त्यानंतर छातीवर, पोटावर खाजरं पुरळ उठलं. औषधाची ॲलर्जी म्हणून ते सोडून दिलं गेलं. पुरळ आठवड्यात मावळलं आणि पुढे कोणतंही औषध चालू नसताना परत आलं. मान, काख, जांघ अशा सगळीकडे गाठी हाताला लागत होत्या, पण एकही तीन सेंटिमीटरहून मोठी नव्हती. प्लीहा बरगडीखाली जेमतेम लागत होती. घोट्यांवर किंचित सूज.

रक्तात हिमोग्लोबिन ९.१, इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेल्या, एलडीएच (पेशी मोडताना रक्तात वाढणारं एन्झाइम) वरच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट, ग्लोब्युलिन ५.२ ग्रॅम. प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये टोकदार पट्टा नव्हता, रुंद फुगवटा होता. म्हणजे ही प्रथिनं एका क्लोनने (एकाच पेशीपासून वाढलेल्या समूहाने) बनवलेली नव्हती, प्रतिपिंडं बनवणाऱ्या नाना प्रकारच्या प्लाझ्मा पेशी एकदमच कामाला लागल्या होत्या. डायरेक्ट कूम्ब्स चाचणी, म्हणजे तांबड्या पेशींवर स्वतःचीच प्रतिपिंडं चिकटली आहेत का हे पाहणारी चाचणी, पॉझिटिव्ह. रक्ताच्या फिल्मवर तुरळक प्लाझ्मा पेशीही दिसत होत्या. क्षय आणि एचआयव्हीच्या तपासण्या निगेटिव्ह. सीटी स्कॅनमध्ये मध्यपटलाच्या वर आणि खाली भरपूर लहान गाठी, दोन्ही फुप्फुसांभोवती थोडं पाणी.

जांघेतल्या गाठीची कोअर बायोप्सी (सुईने बारीक तुकडा काढणं) झाली. रिपोर्ट आला: क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा, मिक्स्ड सेल्युलॅरिटी (मिश्र पेशींचा उपप्रकार). कारणंही नीट दिलेली होती. लिम्फोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी आणि हिस्टिओसाइट (उतीतल्या भक्षक पेशी) यांच्या मिश्र गर्दीत विखुरलेल्या मोठ्या पेशी, काहींना दोन केंद्रकं आणि ठसठशीत न्यूक्लिओलस. या पेशींवर हॉजकिनचे नेहमीचे मार्कर: सीडी३० पॉझिटिव्ह, काही सीडी१५ पॉझिटिव्ह, पॅक्स५ पॉझिटिव्ह. एपस्टाइन-बार विषाणूसाठीची (ईबीव्हीसाठीची) ईबीईआर चाचणीही याच पेशींमध्ये पॉझिटिव्ह.

रिपोर्ट लिहिणाऱ्याला दोष द्यावा असं यात काही नाही. पाठ्यपुस्तकातलं मिक्स्ड सेल्युलॅरिटी हॉजकिनचं वर्णन आणि हा परिच्छेद शेजारी शेजारी ठेवले तर फरक सांगणं अवघड. वयस्क रुग्णांमध्ये आणि या उपप्रकारात ईबीव्ही सापडणं नेहमीचंच आहे.

काय खटकलं

उपचार सुरू करण्याआधी कर्करोगतज्ज्ञाने स्लाइड दुसऱ्या मतासाठी पाठवल्या. सोबतच्या चिठ्ठीत दोनच वाक्यं होती: रुग्ण हॉजकिनसारखा वागत नाही, आणि कूम्ब्स पॉझिटिव्ह का आहे? पॅथॉलॉजिस्टला मिळू शकणाऱ्या माहितीत अशा चिठ्ठीइतकी उपयोगी गोष्ट क्वचितच असते. बहुतेक फॉर्मवर ‘लिम्फोमा?’ एवढंच लिहिलेलं येतं.

हॉजकिन सहसा एका गटातून शेजारच्या गटात सरकत जातो. मान, मग छातीचा मध्यभाग, मग खाली. इथे सगळ्या जागी एकदमच गाठी आल्या होत्या आणि सगळ्या लहान होत्या. ताप, घाम, खाज, इओसिनोफिल हे सगळं हॉजकिनमध्येही दिसतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. पण जाऊन-येऊन असणारं पुरळ, सर्व प्रकारच्या इम्युनोग्लोब्युलिनांची एकत्र वाढ, स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं, फुप्फुसाभोवतीचं पाणी आणि रक्तात फिरणाऱ्या प्लाझ्मा पेशी हा संच ज्याने एकदा पाहिला आहे त्याच्या डोक्यात अँजिओइम्युनोब्लास्टिक टी सेल लिम्फोमा (टी पेशी या दुसऱ्या जातीच्या लिम्फोसाइटचा कर्करोग) हे नाव येतंच. यातली एकेक गोष्ट वेगळी काढली तर कमजोर आहे. संच म्हणून पाहिला तर तो सहज बाजूला ठेवता येत नाही.

या आजाराला कर्करोग म्हणून ओळख मिळायलाच वेळ लागला. १९७४ मध्ये फ्रिझेरा आणि सहकाऱ्यांनी, १९७५ मध्ये ल्युक्स आणि टिंडल यांनी त्याचं वर्णन केलं ते प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी प्रतिक्रियेचा विकार म्हणून. नावातही ‘लिम्फोमा’ नव्हतं, ‘लिम्फॅडेनोपथी’ होतं. पुढे टी पेशींचा क्लोन सापडू लागला आणि १९९४ च्या रिअल या लिम्फोमांच्या वर्गीकरणात तो टी सेल लिम्फोमा म्हणून नोंदवला गेला. सुरुवातीच्या लोकांची निरीक्षणं बरोबर होती. गाठीत खरोखरच प्रतिकारशक्तीचा गोंधळ माजलेला असतो. तो गोंधळ कोण घालतंय हे तेव्हा कळलेलं नव्हतं.

नवी गाठ काढली

पहिल्या कोअरचा ब्लॉक मागवला, पण त्यात उती जवळजवळ संपलेली होती. कोअर बायोप्सीत ही अडचण नेहमीची. पहिल्या फेरीत दहा मार्कर लावले की दुसऱ्या फेरीसाठी ब्लॉकमध्ये मेणच उरतं. सुरुवातीलाच पंधरा-वीस बिनरंगी स्लाइड कापून ठेवल्या तर प्रत्येक वेळी ब्लॉक पुन्हा घासावा लागत नाही आणि उती वाचते. शिवाय जांघेतल्या गाठी जुन्या जंतुसंसर्गामुळे आधीच तंतुमय झालेल्या असतात, त्यामुळे दुसरी गाठ उपलब्ध असताना जांघेची निवडू नये.

काखेतली एक गाठ अखंड काढायचं ठरलं. मधल्या काळात पुरळासाठी स्टेरॉइड देण्याचा विचार चालू होता, तो बायोप्सीपर्यंत थांबवला. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या गाठी काही दिवसांत आक्रसतात आणि स्लाइडवर उरतं ते धड ना इकडचं ना तिकडचं. गाठ फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी तिचा एक ताजा तुकडा फ्लो सायटोमेट्रीसाठी (एकेका पेशीवरचे मार्कर मोजणाऱ्या तपासणीसाठी) आरपीएमआय या पेशी टिकवणाऱ्या द्रवात वेगळा ठेवला. हे प्रकरण पुढे सुटलं त्यात या छोट्या तुकड्याचा वाटा मोठा आहे.

स्लाइड पाहताना आधी लहान भिंग लावावं, हे प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगितलं जातं आणि प्रत्येकाची बोटं मोठ्या भिंगाकडे जातात. इथे लहान भिंगाखालीच तीन गोष्टी दिसत होत्या. गाठीची मूळ रचना पुसली गेली होती, तरी कवचाखालचा सायनस (लसिका वाहण्याची पोकळी) उघडा होता. पेशी त्या सायनसला वळसा घालून बाहेरच्या चरबीत उतरल्या होत्या. हे काहीसं विचित्र चित्र अँजिओइम्युनोब्लास्टिकमध्ये वारंवार भेटतं. दुसरं, बारीक शिरांची बेसुमार वाढ. उंच एंडोथेलियल पेशींचं अस्तर असलेल्या या शिरा फांद्या फुटाव्यात तशा सगळीकडे पसरल्या होत्या, पीएएस रंगात त्यांच्या भिंती स्पष्ट उठल्या. तिसरं, तंतूंचे पट्टे नव्हते आणि गोलाकार कप्पेही नव्हते. मिक्स्ड सेल्युलॅरिटीत ते नसतातच, त्यामुळे ही तिसरी गोष्ट कुणाच्याच बाजूने साक्ष देत नाही.

मधल्या भिंगावर शिरांच्या कडेने मध्यम आकाराच्या लिम्फोसाइटचे लहान लहान पुंजके दिसले. त्यांचं सायटोप्लाझम फिकट, जवळजवळ पारदर्शक. केंद्रकाची कडा किंचित वेडीवाकडी, बाकी भीतिदायक काही नाही. मोठ्या भिंगावर आल्यावर पुन्हा त्याच दोन केंद्रकांच्या दिमाखदार पेशी, पहिल्या रिपोर्टमधल्याच.

त्या वेळचा निवासी डॉक्टर आणि वरिष्ठ पॅथॉलॉजिस्ट यांच्यातला संवाद असा कल्पावा:

“मॅडम, सीडी३० आहे, सीडी१५ आहे, पॅक्स५ आहे. हॉजकिन नाही असं कसं म्हणायचं?”

“म्हणू नकोस अजून. त्या मोठ्या पेशी झाक आणि उरलेल्या पेशी कोण आहेत ते सांग.”

“त्या रिॲक्टिव्ह आहेत ना?”

“कशावरून?”

या ‘कशावरून’ला उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. थॉमस हॉजकिनने १८३२ मध्ये रुग्णांच्या गाठींचं वर्णन केलं, स्टर्नबर्गने १८९८ मध्ये आणि डोरोथी रीडने १९०२ मध्ये त्या मोठ्या पेशींचं, म्हणून त्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. पुढे सिद्ध झालं की हॉजकिनमध्ये या पेशी म्हणजेच खरा कर्करोग. गाठीतल्या एकूण पेशींमध्ये त्या बहुधा शेकडा एकाच्या आसपास असतात आणि उरलेली गर्दी ही त्यांनी जमवलेली बघ्यांची. हे ज्ञान बरोबरच आहे. पण त्यातून लागलेली सवय अशी की मोठी पेशी दिसली की तीच रोगी आणि भोवतालच्या साऱ्या बघ्या. सभेत मोठ्याने बोलणाऱ्याकडे सगळ्यांच्या माना वळतात, तसं होतं. अँजिओइम्युनोब्लास्टिकमध्ये नेमकं उलट असतं. मोठ्या पेशी या बी पेशी आहेत, ईबीव्हीने फुगवलेल्या, आणि त्या बघ्या आहेत. कर्करोग भोवतालच्या साध्या दिसणाऱ्या टी पेशींमध्ये आहे. टी सेल लिम्फोमात बी जातीच्या, ईबीव्ही पॉझिटिव्ह, रीड-स्टर्नबर्गसारख्या पेशी सापडतात हे १९९९ मध्ये जनुकीय पुराव्यानिशी मांडलं गेलं. तरी ही गल्लत आजही होते.

मार्करांची दुसरी फेरी

या फेरीत भर भोवतालच्या पेशींवर दिला. सीडी३ आणि सीडी४ लावल्यावर गर्दीतल्या बहुसंख्य पेशी सीडी४ टी पेशी निघाल्या. एवढ्याने काही ठरत नाही, हॉजकिनमध्येही भोवताली याच असतात. म्हणून फॉलिक्युलर हेल्पर टी पेशींचे, म्हणजे टीएफएचचे मार्कर लावले: पीडी-१, आयकॉस, सीएक्ससीएल१३, बीसीएल६ आणि सीडी१०. टीएफएच मूळ म्हणायला यांपैकी किमान दोन हवेत, तीन असले तर उत्तम. फिकट सायटोप्लाझमच्या पुंजक्यांमध्ये पीडी-१ ठळक, आयकॉस ठळक, सीएक्ससीएल१३ ठिपक्यांच्या रूपात आणि सीडी१० काही पेशींमध्ये पण निःसंशय होतं.

इथे घाई करून चालत नाही. पीडी-१ हा टीएफएचचा मार्कर आहे, कर्करोगाचा नाही. निरोगी जर्मिनल सेंटरमध्ये (गाठीतल्या फॉलिकल या बी पेशींच्या गोल पुंजक्याच्या गाभ्यात) पीडी-१ पॉझिटिव्ह पेशी असतातच. लिम्फोसाइट-रिच हॉजकिनमध्ये आणि नोड्युलर लिम्फोसाइट प्रिडॉमिनंट प्रकारातही मोठ्या पेशींभोवती पीडी-१ पेशींची कडी दिसतात. म्हणून ‘पीडी-१ पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांना फारसा अर्थ नाही. पेशी कुठे आहेत हे लिहावं लागतं. इथे त्या जर्मिनल सेंटरबाहेर होत्या, शिरांभोवती पुंजक्यांनी होत्या, मोठ्या पेशींपासून स्वतंत्र होत्या आणि त्यांच्यावर सीडी१० होता. जर्मिनल सेंटरबाहेर सीडी१० असलेल्या टी पेशींचे पुंजके दिसले तर संशय पक्का होऊ लागतो. मात्र सीडी१० न्यूट्रोफिलवरही असतो, त्यामुळे रंगलेली पेशी नक्की कोण हे एच अँड ई (नेहमीच्या रंगाची) स्लाइड शेजारी ठेवूनच ठरवावं.

सीडी२१ ने सगळ्यात बोलकं चित्र दिलं. हा रंग फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींचं, म्हणजे फॉलिकलला आधार देणाऱ्या पेशींचं, जाळं दाखवतो. निरोगी गाठीत ते गोल, फॉलिकलच्या हद्दीत असतं. इथे जाळं वेडंवाकडं पसरून फॉलिकल सोडून शिरांना कवटाळत होतं. हॉजकिनमध्ये जुन्या फॉलिकलच्या जाळ्यांचे अवशेष दिसू शकतात, पण असं शिरांभोवती पसरलेलं जाळं अपेक्षित नसतं.

मग मोठ्या पेशींकडे परत आलो. सीडी२० काहींमध्ये भरपूर, काहींमध्ये फिका, काहींमध्ये शून्य. ऑक्ट२ आणि बॉब१ हे बी पेशींचे ट्रान्सक्रिप्शन घटक (जनुकं चालू करणारी प्रथिनं) बऱ्याच पेशींमध्ये शाबूत. क्लासिकल हॉजकिनमध्ये पॅक्स५ फिका पण एकसारखा असतो आणि ऑक्ट२, बॉब१ पैकी निदान एक तरी सहसा हरवलेला असतो. इथे बी पेशींच्या या मार्करांचं चित्र विस्कळीत होतं. तरीही मला यापेक्षा ईबीईआरची स्लाइड अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या रिपोर्टमध्ये ‘मोठ्या पेशींमध्ये पॉझिटिव्ह’ असं लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. पण लहान लिम्फोसाइट, मध्यम आकाराच्या इम्युनोब्लास्ट (उत्तेजित होऊन वाढलेल्या बी पेशी) आणि दोन केंद्रकांच्या पेशी, या सगळ्या पायऱ्यांवर ईबीईआर पॉझिटिव्ह ठिपके होते. हॉजकिनमध्ये विषाणू जवळजवळ केवळ रीड-स्टर्नबर्ग आणि त्यांच्या एककेंद्रकी भावंडांमध्ये असतो, लहान पेशींत क्वचितच एखादा. अशी लहानापासून मोठ्यापर्यंतची चढण दिसली की मोठी पेशी ही एका प्रक्रियेचं शेवटचं टोक आहे हे लक्षात येतं.

फ्लो सायटोमेट्रीने हेच स्वतंत्र वाटेने सांगितलं. एकूण लिम्फोसाइटपैकी साधारण आठ टक्के पेशी सीडी४ पॉझिटिव्ह होत्या, पृष्ठभागावरचा सीडी३ त्यांनी जवळजवळ गमावला होता, सीडी७ फिका, सीडी२ आणि सीडी५ शाबूत, सीडी१० अंशतः. एवढा लहान गट निरोगी टी पेशींच्या ढिगात सहज बुडून जातो. विश्लेषण करणाऱ्याने सीडी३ निगेटिव्ह, सीडी४ पॉझिटिव्ह चौकोन मुद्दाम उघडून पाहिला नाही तर रिपोर्ट ‘असामान्य पेशी आढळल्या नाहीत’ असा जातो. म्हणूनच नमुन्यासोबत ‘टीएफएच लिम्फोमाची शंका’ हे शब्द लिहून पाठवले होते. बी पेशींमध्ये कापा आणि लॅम्डा (प्रतिपिंडांच्या हलक्या साखळीचे दोन प्रकार) दोन्ही होते, म्हणजे बी क्लोन नव्हता.

एका पेशीने एवढा पसारा कसा मांडला

टीएफएच पेशीचं निरोगी काम म्हणजे जर्मिनल सेंटरमध्ये बी पेशींना मदत करणं: कोणी टिकायचं, कोणी प्लाझ्मा पेशी व्हायचं, हे तिच्या संकेतांवर ठरतं. ही पेशी कर्करोगी झाली तरी आपलं काम विसरत नाही, ते बेलगाम करत राहते. सीएक्ससीएल१३ हा रेणू बी पेशींना ओढून आणतो, म्हणून बी पेशींची गर्दी. त्या प्लाझ्मा पेशी होतात, म्हणून ग्लोब्युलिनचा रुंद फुगवटा आणि रक्तातल्या प्लाझ्मा पेशी. निवड नीट होत नाही, म्हणून स्वतःविरुद्धची प्रतिपिंडं आणि कूम्ब्स पॉझिटिव्ह. शिरांच्या वाढीमागे व्हीईजीएफसारखे घटक. एकीकडे हा गदारोळ आणि दुसरीकडे विषाणूंवरची पकड सैल. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या बी पेशींमध्ये ईबीव्ही गुपचूप पडून असतो, तो इथे उठतो आणि त्या बी पेशींना फुगवून इम्युनोब्लास्ट, मग रीड-स्टर्नबर्गसारखं रूप देतो.

हा धागा हाती आला की रुग्णाच्या कागदावरची जवळजवळ प्रत्येक ओळ जागेवर बसते. या लिम्फोमाचं नातं टीएफएचशी आहे हे २००७ च्या सुमारास जनुकांच्या अभिव्यक्तीच्या अभ्यासातून पक्कं झालं. त्याआधीची पॅथॉलॉजिस्ट मंडळी हीच चित्रं पाहत होती, पण ती एकमेकांना का चिकटली आहेत हे सांगता येत नव्हतं.

क्लोन आणि जनुकं

टी सेल रिसेप्टर गॅमा जनुकाच्या पीसीआरमध्ये (जनुकाच्या प्रती वाढवून क्लोन शोधणाऱ्या चाचणीत) गाठीत एक ठळक क्लोन मिळाला. पुरळाची त्वचा बायोप्सी आधीच झाली होती आणि तिचा रिपोर्ट निरुपयोगी होता: शिरांभोवती थोडे लिम्फोसाइट, कशाशीही जुळेल असं. त्याच ब्लॉकवर पीसीआर केलं तर क्लोनचं शिखर त्याच जागी आलं. एका जागेचा टी क्लोन हॉजकिनमध्ये किंवा एखाद्या विषाणूजन्य आजारातही कधीमधी सापडतो, पण गाठीत आणि त्वचेत एकच क्लोन सापडला तर तो योगायोग म्हणता येत नाही. इम्युनोग्लोब्युलिन जनुकाच्या चाचणीत एक छोटं शिखर होतं. अशा रुग्णांपैकी पाव ते एक तृतीयांशांत ते मिळतं आणि त्यावरून बी लिम्फोमा म्हणणं चूक ठरतं.

जनुकांच्या पॅनेलमध्ये रोआ जी१७व्ही, आयडीएच२ आर१७२के आणि टेट२ मधले दोन बदल आले. यांना सारखं वजन देऊ नये. टेट२ आणि डीएनएमटी३ए मधले बदल उतारवयातल्या निरोगी माणसांच्या रक्तातही आढळतात. मूळ रक्तपेशींमध्ये ते आधी येतात, त्यामुळे कधी कधी गाठीतल्या बी पेशींमध्येही तेच सापडतात. रोआ आणि आयडीएच२ मधले बदल त्यानंतर, टी पेशींच्या वाटेवर येतात. रोआ जी१७व्हीचा शोध २०१४ चा. नुसता टेट२ मिळाला असता तर मी त्याला पुरावा मानलं नसतं. रोआ जी१७व्हीने मात्र क्लासिकल हॉजकिनसाठी फारशी जागा ठेवली नाही.

उलटी चूकही होते

टीएफएच मार्कर प्रयोगशाळेत सहज मिळू लागल्यापासून एक नवा प्रकार दिसतो. गाठीत पीडी-१ पेशी जरा जास्त दिसल्या की अँजिओइम्युनोब्लास्टिक. खऱ्या हॉजकिनच्या रुग्णाला असा शिक्का बसला तर बरा होऊ शकणाऱ्या आजाराला भलतेच उपचार मिळतात. शिरांची वाढ नाही, सीडी२१ चं जाळं पसरलेलं नाही, ईबीईआर मोठ्या पेशींपुरतं, पॅक्स५ एकसारखं फिकं, ऑक्ट२ आणि बॉब१ गेलेले, फ्लोमध्ये असामान्य टी गट नाही, अशा वेळी पीडी-१ पॉझिटिव्ह कड्यांना घाबरू नये.

या रुग्णात आणखी काही नावं तपासून बाजूला ठेवली. ॲनाप्लास्टिक लार्ज सेल या टी सेल लिम्फोमात सीडी३० सगळ्या मोठ्या पेशींवर एकसारखा ठळक असतो आणि पॅक्स५ नसतो. औषधाच्या प्रतिक्रियेत किंवा ईबीव्हीच्या ताज्या संसर्गात पृष्ठभागावरचा सीडी३ गमावलेला, सीडी१० धारण करणारा टी क्लोन मिळत नाही. कॅसलमन आजाराची (यातही गाठी वाढतात, पण तो लिम्फोमा नव्हे) शंका आक्रसलेल्या फॉलिकलमुळे येते, पण तीही इथे टिकली नाही. टीएफएच गटातलाच फॉलिक्युलर प्रकार हा जवळचा स्पर्धक होता. त्यात रोगी पेशी फॉलिकलच्या हद्दीत राहतात आणि शिरांचं व डेंड्रिटिक जाळ्याचं असं अमाप पसरणं नसतं.

रिपोर्ट आणि पुढचं

अंतिम निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणानुसार लिहिलं: नोडल टीएफएच सेल लिम्फोमा, अँजिओइम्युनोब्लास्टिक प्रकार, ईबीव्ही पॉझिटिव्ह रीड-स्टर्नबर्गसदृश बी पेशींसह. त्याच वर्षीच्या इंटरनॅशनल कन्सेन्सस वर्गीकरणात शब्दांची मांडणी थोडी वेगळी आहे. जुनं नाव कंसात दिलं, कारण वॉर्डात अजून तेच बोललं जातं.

निदान बदलल्याने उपचार बदलला. हॉजकिन म्हणून एबीव्हीडी ही चार औषधांची केमोथेरपी दिली गेली असती, त्यातलं ब्लिओमायसिन ६४ व्या वर्षी फुप्फुसांवर जोखमीचं. आता सीएचओपीच्या धर्तीवरची केमोथेरपी, प्रतिसाद चांगला आणि तब्येत सोसणारी असेल तर ऑटोलोगस (स्वतःच्याच मूळ रक्तपेशींच्या) प्रत्यारोपणाची चर्चा. रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलायचे आकडेही वेगळे. हॉजकिनमध्ये बहुतेकजण बरे होतात. इथे मोठ्या आंतरराष्ट्रीय नोंदींमध्ये पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान आहे. मृत्यू अनेकदा लिम्फोमापेक्षा जंतुसंसर्गाने येतो, म्हणून संसर्ग टाळण्याची औषधं पहिल्या दिवसापासून आणि हिपॅटायटिस बीची तपासणी त्याआधी.

कर्करोगतज्ज्ञाने दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही रास्त होते. पहिला: सीडी३० पॉझिटिव्ह आहे, तर ब्रेंटक्सिमॅब (सीडी३० असलेल्या पेशींवर नेम धरणारं औषध) जोडायचं का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एशेलॉन-२ चाचणीत सीडी३० असलेल्या टी सेल लिम्फोमांमध्ये ब्रेंटक्सिमॅब आणि सीएचपी (सीएचओपीतलं विन्क्रिस्टिन वगळून) हे सीएचओपीपेक्षा सरस ठरलं, त्यात किमान १० टक्के रोगी पेशींवर सीडी३० असण्याची अट होती. पण या गाठीतला ठळक सीडी३० बी जातीच्या मोठ्या पेशींवर होता. टी पेशींवर तो वेगळा मोजला, तो ५ टक्क्यांच्या आसपास भरला, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिले. ‘सीडी३० पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलं असतं तर वाचणाऱ्याची दिशाभूल झाली असती. दुसरा प्रश्न: मोठ्या पेशी बी आहेत, मग रिटक्सिमॅब (बी पेशींवर नेम धरणारं औषध)? ते सीएचओपीला जोडून पाहिलं गेलं आहे, ठळक फायदा दिसलेला नाही.

रिपोर्टच्या शेवटी एक सूचना जोडली. या रुग्णांमध्ये ईबीव्हीने फुगवलेल्या बी पेशी पुढे स्वतःच क्लोन होऊन ईबीव्ही पॉझिटिव्ह लार्ज बी सेल लिम्फोमा होऊ शकतात. म्हणून उपचारानंतर एखादी गाठ पुन्हा वाढली तर जुना आजार उलटला असं गृहीत न धरता ती काढून तपासावी, नमुन्याचा ताजा तुकडा फ्लोसाठी ठेवावा आणि टी व बी दोन्ही क्लोनच्या चाचण्या या पहिल्या गाठीच्या निकालांशी ताडून पाहाव्यात.